तोंडात घालायचे डोळ्यांचे थेंब

सहा वर्षं, दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी, मी झुल्मिराच्या दारात उभी राहून तिला तीस गोळ्या दिल्या आणि वहीत लिहिलं: नसांचा त्रास, गोळ्या दिल्या, भरपूर पाणी प्यायला सांगितलं. माझं अक्षर चांगलं आहे. तालुक्याच्या बैठकीत माझी वही फिरवून दाखवायचे, बघा, दाल्वाबाईंची वही कशी असते. आता ती वही दिसली की चुलीत घालावीशी वाटते.

मी बारो वेर्मेल्यो या गावाची आरोग्यसेविका. एकशे चाळीस घरं माझ्याकडे. निळा सदरा घालायचा, पाठीला पिशवी लावायची आणि घरोघर विचारत फिरायचं, कुणाला ताप आहे, कुणाचं पोट बिघडलंय, कुणाला दिवस गेलेत. सतरा वर्षं हेच केलं. एकच काम सतरा वर्षं केलं की माणसाला वाटायला लागतं आपल्याला सगळं कळतं, आणि माझं तिथंच बिघडलं.

झुल्मिरा माझी शेजारीण. माझ्या थोरल्या लेकीला बाप्तिस्म्याला तिनं हातावर धरलं, तेव्हापासून आम्ही एकमेकींना कोमाद्रे म्हणतो. आमच्याकडे हे नातं सख्ख्या बहिणीच्या वरचं. सख्खी बहीण खोटं बोलली तर लोक हसून सोडून देतात, कोमाद्रेला ती मुभा नाही.

आमचं गाव पानावर जगतं. जाबोरांदीचं झुडूप टेकडीवर आपसूक वाढायचं. बारीक चिवट पान, उन्हात धरलं तर त्यात टाचणीच्या टोकाएवढे ठिपके दिसतात. पावसाळा सरला की फांद्या छाटायच्या, पानं वाळवायची, पोती भरायची. पोती ट्रकनं कारखान्यात जायची आणि तिथून पावडर होऊन समुद्रापार. त्याचं औषध होतं एवढं आम्हाला माहीत होतं. कसलं औषध, कुणाच्या दुखण्यावर, ते ना कुणी सांगितलं ना आम्ही विचारलं.

बारा वर्षांपूर्वी कंपनीनं नदीकाठची जमीन घेतली, कुंपण घातलं आणि निवडक रोपांची बाग लावली. टेकडीवरची झाडं संपत आली होती म्हणून सरकारनं तिथं तोडबंदी आणली. झालं, ज्या बायका टेकडीवर मालकिणीसारख्या फिरायच्या त्या कुंपणाच्या आत रोजानं पानं खुडायला लागल्या आणि संध्याकाळी फाटकावर झडती द्यायला लागल्या. झुल्मिरा त्यातलीच एक.

हे पान तोंडात घालायचं नाही, हे आमच्याकडचं मूल बोलायला लागण्याआधी शिकतं. फक्त ताप उतरतच नसला तर म्हाताऱ्या एकदा काढा द्यायच्या. तीन बोटांच्या चिमटीत मावेल एवढं वाळलेलं पान, कपभर पाण्यात. वरून पांघरूण घातलं की घामाच्या धारा लागायच्या, तोंडाला लाळ सुटायची, ताप उतरायचा. तीन बोटांची चिमूट हे माप गावातल्या प्रत्येक बाईला येशूच्या प्रार्थनेसारखं पाठ आहे.

झुल्मिराला कोरड पडायला लागली तेव्हा ती पंचेचाळिशीची असेल.

"कोमाद्रे, जीभ टाळ्याला चिकटते गं," ती म्हणाली. "सकाळी उठले की बोटानं सोडवावी लागते."

"पाणी पी."

"पितेय की. घागरभर पाणी पिते नि सारखी परसात धावते. पाणी खाली जातं, तोंडात थांबत नाही."

"नवरा गेल्यापासून तू फार काळजी करतेस."

"नवरा गेला तो सुटला. मी तो असतानाच कोरडी पडले होते."

आम्ही दोघी खूप हसलो. मग मी तिला आमच्या आरोग्यकेंद्रात नेलं. तिथं एकाआड एक बुधवारी डॉक्टर येतो. पोरसवदा, राजधानीत शिकलेला, समोर चाळीस माणसांची रांग. त्यानं मान वर केली नाही. वय विचारलं, नवरा कधी गेला विचारलं, झोप येते का विचारलं. या वयात बायकांना असं होतं म्हणाला आणि मन शांत ठेवणारी नसांची गोळी लिहून दिली. तोंड उघडून दाखव, असं काही तो म्हणाला नाही. मीही म्हणाले नाही की डॉक्टर, जरा बघा तरी.

त्यानंतर ते वाढतच गेलं. दात कडेनं काळे पडून तुकड्यातुकड्यानं निखळायला लागले. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपायचं, बागेत खुडताना ती डोळे चोळून चोळून लाल करायची. कसाव्याचं कोरडं पीठ, जे आम्ही घासागणिक तोंडात भिरकावतो, ते तिला गिळता येईना. डाळीच्या पाण्यात कालवून म्हाताऱ्यासारखं खायची. कमरेला सदोदित पाण्याची बाटली. त्या बाटलीवरून फाटकावरचा पहारेकरी वाल्देसी रोज तिची थट्टा करायचा.

"वास घेऊ दे की झुल्मिराबाई. उसाची आहे का?"

"तुझ्या आईच्या दुधाची आहे, पी."

बायका हसायच्या, पण घरी जाऊन सांगायच्या की झुल्मिरा प्यायला लागली. तिच्या धाकट्या बहिणीला मूठमाती दिली तेव्हा झुल्मिराच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही, त्यावरूनही गावानं तोंडसुख घेतलं. झुल्मिरानं पापण्या ओढून ओढून पाहिलं होतं. पाणी आलंच नाही तर काय करायचं?

"डोळ्यांना संत लुझिया आहे, घशाला संत ब्रास आहे," ती मला म्हणाली. "तोंडाला कुणीच कसा नाही गं? देवाघरी कुणाचं तोंड सुकलं नव्हतं का कधी?"

मी म्हटलं, गोळी चुकवू नकोस.

ऑगस्टमधल्या एका रविवारी सकाळी मी प्रार्थनेहून येऊन कॉफी टाकत होते. शेजारून भांडं पडल्याचा आवाज झाला आणि मागोमाग माणूस पडल्याचा. मी परसातून धावले. झुल्मिरा चुलीपुढं पडली होती. अंगातले कपडे कुणी पाण्यात बुचकळून काढावेत तसे घामानं चिकटलेले, ओकारी झालेली, हनुवटीवरून लाळेची धार लागलेली. आणि डोळ्यांतून पाणी, गालांवरून कानांत चाललेलं.

ती हसत होती. देवाशपथ सांगते, हसत होती.

"कोमाद्रे, बघ," ती म्हणाली. "पाणी आलं."

मी मनगट धरलं. नाडी इतकी सावकाश की पुढचा ठोका येतो की नाही असं वाटायचं. चुलीवरच्या भांड्यात हिरवट काढा उरला होता, फळीवर कॉफीच्या डब्यात पानं.

"किती घेतलंस?"

"तीन बोटं. आजीचंच माप. एक दाणा जास्त नाही." मग तिनं हात पुढं करून चाचपलं. "तू कुठं आहेस? अंधारून का आलं गं?"

रविवारी गावात गाडी म्हणजे एकच, कंपनीची, वाल्देसीच्या ताब्यातली. त्यानं एक प्रश्न विचारला नाही. तिला उचलून मागं ठेवलं आणि लाल मातीच्या रस्त्यावरून गाडी अशी हाणली की मी दोनदा पत्र्यावर आपटले. वाटेत त्यानं माझ्या मांडीवरचा डबा पाहिला. मी तो डॉक्टरला दाखवायला घेतला होता. त्यानं झाकण उघडलं, हुंगलं, बंद केलं आणि पुन्हा रस्त्याकडे बघायला लागला.

तालुक्याच्या इस्पितळात डॉक्टर इरासेमा होत्या. साठी उलटलेली बाई, आवाज सिगारेटनं घोगरा झालेला. त्यांनी डबा पाहिला आणि एका मिनिटात इंजेक्शन दिलं. घाम थांबला, नाडी वर आली, लाळ आटली. झुल्मिराचं तोंड पुन्हा पहिल्यासारखं कोरडंठाक झालं. तेव्हा कुठं ती रडली, तिच्या त्या बिनपाण्याच्या रडण्यानं. मग ग्लानीत गेली.

"ही बागेतली पानं ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"हो. डोक्याच्या फडक्यात लपवून आणलेली दिसतात."

"त्या बागेत टेकडीवरच्यापेक्षा कडक पानांची रोपं निवडून लावलीत. त्यासाठीच तर बाग. तुम्ही टेकडीचं माप बागेला लावलंत, होय ना?"

मी मान हलवली. शंभर वर्षं न चुकलेलं माप, आणि झाड बदललंय हे ज्या बायका रोज ते झाड हातांनी खुडतात त्यांनाच कुणी सांगितलं नव्हतं.

"पण ताप नसताना हिनं घेतलं कशाला?"

"तोंडाला पाणी सुटावं म्हणून."

त्यांनी झुल्मिराचं तोंड उघडलं, बॅटरी मारली. जिभेवर चिरा, दातांचे खुंट. त्या लाकडी पट्टीनं गालाला आतून स्पर्श करायला गेल्या तर पट्टी गालाला चिकटली. मग त्यांनी कागदाची बारीक पट्टी घेऊन तिच्या खालच्या पापणीत अडकवली आणि घड्याळाकडे पाहत राहिल्या. पाच मिनिटांनी पट्टी काढली. कोरडी.

"किती वर्षं?"

"सहा. जास्तच."

"आणि काय घेते ही सध्या?"

मी पिशवीतून गोळ्यांची पट्टी काढून दिली. माझ्या पिशवीत ती असायचीच. डॉक्टरांनी नाव वाचलं, चष्मा कपाळावर सरकवला.

"ही कोण देतं हिला?"

"मी."

"ही गोळी तोंड सुकवते, बाई. ज्याचं तोंड चांगलं आहे त्याचंही सुकवते. गोळीच्या कागदावर लिहिलेलं असतं."

"आमच्याकडे कागद येत नाही. नुसत्या पट्ट्या येतात."

"मग विचारायचं."

एवढंच म्हणाल्या त्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. मी व्हरांड्यात जाऊन भिंतीवर डोकं आपटून घेतलं. सहा वर्षं! आधीच सुकलेल्या बाईला मी महिन्याच्या महिन्याला आणखी सुकवत होते, स्वतःच्या हातानं, सुंदर अक्षरात नोंद करून. तिला गिळता येत नाही म्हणून मी तिला गोळी गिळायला सांगत होते. माझा संताप त्या पोरसवदा डॉक्टरवर झाला, पट्ट्या पाठवणाऱ्या कार्यालयावर झाला, आणि फिरून फिरून माझ्या त्या निळ्या सदऱ्यावर आला.

झुल्मिरानं यातलं काहीच ऐकलं नव्हतं. जागी झाल्यावर मी तिला एवढंच सांगितलं की त्या गोळ्या आता बंद. का, ते सांगितलं नाही.

ओठाच्या आतला एक कण कापून आणि रक्त घेऊन राजधानीला पाठवलं. झुल्मिराला घरी सोडलं. तीन आठवड्यांनी परत बोलावलं तेव्हा दुखण्याचं नाव आलं होतं, शोग्रेन. डॉक्टरांनी झुल्मिराला समोर बसवून समजावलं. अंगात रोगाशी लढणारी जी फौज असते ती बिथरते आणि आपल्याच लाळेच्या, आसवांच्या ग्रंथींवर तुटून पडते. पूर्ण बरं होत नाही, पण औषधं आहेत. सांधे आखडतात त्याची एक गोळी, डोळ्यांसाठी साधं वंगण, दिवसातून जितक्यांदा लागेल तितक्यांदा. आणि तोंडासाठी पायलोकार्पिन.

"ते कशाचं असतं?" झुल्मिरानं विचारलं.

"तुम्ही खुडता त्या पानाचं."

तिनं स्वतःचे हात उलटेपालटे करून पाहिले. बोटांची टोकं पानाच्या चिकानं काळी पडलेली असतात, ती कशानं जात नाहीत.

"चौतीस वर्षं खुडतेय मी," ती म्हणाली. "मग मला का नाही?"

डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिली. ही गोळी इथल्या दुकानांत मिळत नाही, वजन करून बनवून घ्यावी लागते, म्हणून तालुक्याच्या आरोग्य कार्यालयानं ती बनवून द्यावी. ते नाहीच जमलं तर खाली दुसरा उपाय: काचबिंदूवाल्यांना जे पायलोकार्पिनचे डोळ्यांचे थेंब मिळतात, तेच इतके मोजून ग्लासभर पाण्यात, तोंडावाटे, दिवसातून तीनदा. एक थेंब जास्त नाही. हृदय तपासून झालं होतं, ते ठीक होतं.

"डोळ्यांत घालायचे नाहीत हं," डॉक्टर म्हणाल्या. "बाटलीवर डोळ्याचं चित्र असतं म्हणून लोक फसतात. तुमच्या डोळ्यांना त्यांचा उपयोग नाही."

गावी परतलो तर वाल्देसी फाटकावरून निरोप घेऊन आलेला. डोकं खाली घालून उभा. पानं चोरली म्हणून झुल्मिराला कामावरून काढलं होतं, आणि उरलेली पानं परत मागितली होती.

"तूच सांगितलंस," मी म्हटलं.

"विचारलं त्यांनी, दाल्वाबाई. गाडी कशाला नेली म्हणून विचारलं."

"आणि जीव वाचवायला नेली म्हणालास की पानं पकडायला?"

"दोन्ही सांगितलं," तो म्हणाला. त्यांनी एकच लिहून घेतलं असणार. झुल्मिरा आत गेली, इस्पितळातून परत आणलेला कॉफीचा डबा घेऊन आली आणि त्याच्या पायांपुढे उपडा केला.

"घे. दाणा न दाणा वेचून ने. नाहीतर तुझे साहेब उपाशी मरतील."

तो खरंच खाली बसून वेचायला लागला. मला त्याची दया आली आणि दया आल्याचाही राग आला.

मग आरोग्य कार्यालय. तिथल्या साहेबांना मी सतरा वर्षं ओळखते, माझी वही फिरवून दाखवणारे ते हेच. आम्हाला पंखा असलेल्या खोलीत बसवलं, कॉफी दिली. चिठ्ठी वाचली.

"ही गोळी यादीत नाही, दाल्वाबाई."

"मग खाली थेंब लिहिलेत. थेंब यादीत आहेत. मी स्वतः वाटते."

"आहेत ना. काचबिंदूसाठी. यांना काचबिंदू आहे का?"

"नाही."

"मग कसे देणार?"

"औषध तेच आहे, साहेब."

"औषध तेच असेल. रोग तो नाही."

"म्हणजे डोळ्यांत घालायचं असेल तर फुकट आणि तोंडात घालायचं असेल तर नाही?"

"मी नियम केला नाही. तुम्ही कोर्टात जा, लोक जातात, मिळतंसुद्धा. आठ-दहा महिने लागतील. तोवर..." त्यांनी झुल्मिराकडे पाहिलं, आणि चेहऱ्यावर खरोखरची काळजी आणून म्हणाले, "तोवर भरपूर पाणी प्या."

झुल्मिरा उभी राहिली. बोलण्याआधी तिला बाटलीतला घोट घ्यावा लागला. साहेब थांबले, मीही थांबले.

"साहेब, आमच्या डोंगरातलं पान जगभरच्या माणसांच्या तोंडाला पाणी आणतं," ती म्हणाली. "आणि तुम्ही आमच्याच तोंडाला पानं पुसता. तुमच्या बायकोचं तोंड सुकलं असतं तर कुठली यादी काढली असतीत?"

"बाई, आवाज खाली."

"माझा आवाज वर जातच नाही, साहेब. घसा ओला असलेल्यांचा जातो."

बसमध्ये ती माझ्या खांद्याला डोकं टेकून बसली. "गोळ्या बंद केल्यापासून तोंड जरा बरं वाटतंय गं," ती म्हणाली. "इवलंसं. मनाचे खेळ असतील ना?"

मी खिडकीबाहेर पाहत राहिले. नारळाच्या करवंट्यांचे ढीग गेले, शेळ्या गेल्या.

कोर्टाचा अर्ज केला. महिना गेला, दुसरा गेला. काम सुटल्यामुळे झुल्मिरा दिवसभर घरात बसायची. वरच्या पुढच्या दातांतला शेवटचा निखळला, तो तिनं कागदात बांधून मला आणून दाखवला. "हा साहेबांना पाठव," म्हणाली. "त्यांच्या यादीत बसतो का बघू दे."

आरोग्यकेंद्राच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे असते. त्या कपाटात तीन बाटल्या होत्या, म्हाताऱ्या ओतासिल्योच्या. काचबिंदूवाला गावात तो एकटाच. जुलैत तो वारला आणि त्याचे थेंब मात्र दर महिन्याला येतच राहिले, कारण मृत्यूची नोंद कार्यालयात पोचली तरी यादीतून नाव काढायला वेळ लागतो. मेलेल्या माणसाचं औषध अर्ज भरून परत पाठवायचं असा नियम आहे. परत गेलेलं औषध जाळतात. मी स्वतः जाळताना पाहिलंय.

त्या दिवशी सोमवार होता, पहिलाच. मी कपाट उघडलं, अर्ज बाहेर काढला आणि पेन हातात घेऊन बसले. 'फुटल्या' लिहिलं असतं तर कुणी विचारलं नसतं. पण खोटं लिहून माझं पोट भरलं होतं. मी वही उघडली आणि माझ्या त्या सुंदर अक्षरात लिहिलं: ओतासिल्योच्या तीन बाटल्या झुल्मिराला तोंडावाटे घ्यायला दिल्या, डॉक्टर इरासेमांच्या चिठ्ठीप्रमाणे. खाली पूर्ण सही केली. मग सदऱ्याच्या खिशात बाटल्या घालून भर दुपारी गावातून चालत गेले.

झुल्मिरा परसात आंब्याखाली बसली होती. मी बाटली दाखवली. ती उठली नाही, नुसती बघत राहिली.

"कोर्टाचं आलं?"

"नाही. ओतासिल्योच्या आहेत."

"मेलेल्याच्या?"

"त्याला आता नको आहेत."

मी ग्लासात पाणी घेतलं, चिठ्ठी मांडीवर ठेवली आणि थेंब मोजले. एक थेंब जास्त पडला असं वाटलं म्हणून ते पाणी फेकलं आणि पुन्हा मोजले. तिनं ग्लास तोंडाला लावला आणि एका दमात संपवला.

"कडू आहे," ती म्हणाली. "किती वेळ लागेल?"

"अर्धा तास. थोडा जास्त."

मी तिच्यासमोर पालथ्या बादलीवर बसले. नाडी धरली. नाडी ठीक होती, तरी मनगट सोडलं नाही.

"कोमाद्रे," मी म्हटलं. "तुला तोंड बरं वाटतंय ते मनाचे खेळ नाहीत."

"म्हणजे?"

"त्या नसांच्या गोळ्या तोंड सुकवतात. इस्पितळात डॉक्टर म्हणाल्या. तू ग्लानीत होतीस."

तिनं हळूच हात सोडवून घेतला.

"इस्पितळात. ऑगस्टात."

"हो."

"आज नोव्हेंबर आहे."

"हो."

"आणि सहा वर्षं तू..."

"हो. मला माहीत नव्हतं. पण मी विचारलंही नाही. तू दर महिन्याला सांगत होतीस आणि मी ऐकलं नाही. आणि कळल्यावर लाज वाटली म्हणून गप्प बसले."

मला वाटलं होतं ओरडेल, हाकलून देईल, निदान रडायचा प्रयत्न तरी करेल. ती मांडीवर हात ठेवून बसून राहिली, आणि मी बसून राहिले. कोंबड्या पायांत फिरत होत्या. मला उठून जायचं होतं, पण पहिल्यांदाच घेतलेलं औषध, एकटीला सोडून जाता येत नाही. म्हणून बसावं लागलं.

आधी तिच्या कपाळावर घाम आला. मग मानेवर. मी घड्याळ पाहिलं. तिनं ओठ मिटले, गाल आत हलले, जीभ आत कुठंतरी फिरली. तिचे डोळे मोठे झाले. तिनं गिळलं. बाटली न उचलता, पाण्याशिवाय, नुसतं गिळलं, आणि तिचा गळा वरखाली झालेला मी पाहिला. पुन्हा गिळलं. तिसऱ्यांदा तिनं गिळलं नाही. तोंडात साठू दिलं, सावकाश, मला वाटतं मिनिटभर तरी.

मग ती पुढं वाकली आणि माझ्या तोंडावर थुंकली.

भरपूर होतं ते. पातळ होतं, कोमट होतं, माझ्या भुवईपासून हनुवटीपर्यंत ओघळलं. मी पुसलं नाही. हलले नाही. औषध लागू पडलं होतं.

तिनं मनगटानं ओठ टिपले आणि ओलं मनगट उन्हात धरून पाहिलं.

"पुढचे थेंब कधी घ्यायचे?" तिनं विचारलं.

"सात वाजता," मी म्हटलं. "जेवणाआधी."